अर्ध्यावर रुसलेली पट्टी

काकूंनी स्वतः जोडलेल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला आणि होणाऱ्या नातवंडाच्या दुपट्यासाठी त्यांनी काढलेली, फक्त त्यांच्याच सिस्टीमवर उघडणारी नक्षी आतच अडकली. काकू गेल्यावर ते दुपटं पुरं करायचं लेकीने मनावर घेतलं होतं. "काकूंची सिस्टीम कंपनीची नव्हे, जुगाडाची, काका. कुठल्याही बोर्डावर ती नांदायची नाही," असं बजावत दुकानदाराने शेवटचा जुना बोर्ड लावून पाहिला. पडद्यावरची पांढरी पट्टी सरकत सरकत अर्ध्यावर येऊन थांबली. "यांचंही सूत जुळत नाही," म्हणत त्याने बटणाकडे हात नेला. काकांनी तो धरला. "थांबा हो. घरीही ती इथेच रुसायची. मग ही मला चहा टाकायला पिटाळायची." "आणि पुढे, बाबा?" लेकीने विचारलं. काका कप घेऊन येईपर्यंत काकू कामाला लागलेल्या असत. तिघेही थांबले. पट्टी पुढे सरकताना काकांनी पहिल्यांदाच पाहिली.