तिघांत एक खोली

“एकच खोली लिव,” पुतळाबाई म्हणाल्या. “मना वेगली कनाला?”

ट्रॅव्हल्सवाल्याचं पेन हवेतच राहिलं. उन्नतीने नवऱ्याकडे पाहिलं. देवेश भिंतीवरच्या कॅलेंडरमधलं २००६ साल वाचत होता, जणू ते आजच लागलं होतं. आईपुढे तोंड उघडायचं म्हटलं की या गड्याची दातखीळ बसायची.

“पणजी, चार दिवस, तिघांत एक खोली,” ट्रॅव्हल्सवाल्याने लिहून टाकलं.

मग पुतळाबाईंनी एक प्रश्न विचारला. समुद्राचा नाही, हॉटेलचा नाही. “गाडी चायला कवा नि कुठं थांबते?”

“वडखळ नाक्याला, मावशी. संध्याकाळी सहाला, वीस मिनिटं. येतानाही तिथंच.”

“मंग बरा हाय.”

चहाचं एवढं वेड सासूबाईंना कधीपासून लागलं, उन्नतीला कळेना. पण तिचं लक्ष तिथे नव्हतंच. ते त्या एका खोलीत अडकलं होतं.

लग्नाला पाच महिने झाले होते आणि या पाच महिन्यांत तिने देवेशला धड एकटं पाहिलं नव्हतं. कशेळीचं ते घर सदा भरलेलं. गोडाऊनचे भाडेकरू, ट्रकवाले, चुलते, पाहुणे. सगळ्यांचा चहा उन्नतीच्या हातचा. पणजीचं खूळ तिचंच. पेपरातलं एक कात्रण तिने उशीच्या अभ्र्यात जपून ठेवलं होतं. पिवळी-निळी घरं, चर्चच्या पायऱ्या, मांडवीतली होडी, मिरामारच्या वाळूवर कुठकुठल्या देशांची माणसं एकत्र हिंडताहेत. त्या गर्दीत आपल्याला कुणी ‘सूनबाई’ म्हणणार नाही, चार दिवस कुणी चहा मागणार नाही, याच विचाराने ती सुखावायची.

सासरे रामनाथ तर चक्क ‘जा’ म्हणाले होते. माशी शिंकली ती स्वयंपाकघरातून.

“दोघंबी हलदीच्या अंगाची,” पुतळाबाई आतून बोलल्या होत्या. “वरीस भराच्या आदी दर्याव एकली धाडायची? घरची बाई संगं नको?”

रीत म्हटली की रामनाथांपुढे विषय संपायचा. रीतीपायीच तर त्यांनी पेणकडच्या मेहुण्याशी, लडकूमामांशी, सहा वर्षांपूर्वी संबंध तोडले होते. स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या धांदलीत लडकूमामा बहिणीच्या नवऱ्याला फेटा बांधायचे विसरले. तेवढं पुरलं. रामनाथ जेवणावरून उठले आणि त्या दिवसापासून पुतळाबाईंचं माहेर बंद झालं. देवेशच्या लग्नात सख्ख्या मामाला आमंत्रणसुद्धा गेलं नाही. मामाचा मान नात्यातल्या कुणा लांबच्या पंढरीने उरकला.

निघायच्या आदल्या दिवशी उन्नतीने नवा पंजाबी ड्रेस बॅगेत ठेवला, काढला, परत कपाटात टाकला. सासूसमोर तो घालून मिरवणार कुठे? तिला रडू येत होतं आणि रडायलाही या घरात कोपरा नव्हता. पलीकडे पुतळाबाई आपली पिशवी भरत होत्या. दोन लुगडी, रव्याच्या लाडवांचा डबा, आणि दुकानातल्या कागदात जसाच्या तसा गुंडाळलेला कोरा भगवा फेटा.

“आई, पणजीत फेटा कोण बांधणार?”

“असूं दे. वाऱ्याला कानाला बरा.”

म्हातारीचं डोकं फिरलंय, उन्नती मनात म्हणाली. आणि असं म्हटल्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

बसमध्ये पुतळाबाईंनी दाराजवळची एकटी सीट मागून घेतली. पनवेल गेलं, पेण आलं. रस्त्यालगतची मिठागरं दिसू लागली तशा त्या पदराने काच पुसू लागल्या. काच स्वच्छ होती, तरी पुसत राहिल्या.

वडखळ नाक्याला बस थांबली. पुतळाबाई सगळ्यांच्या आधी उतरल्या, त्याही पिशवीसकट. देवेश मागोमाग धावला, उन्नती त्याच्यामागे. पापडाच्या टपरीपाशी एक म्हातारा वाट बघत उभा होता. धुवट सदरा, उघडं डोकं. तो पुढे येत नव्हता आणि मागेही सरकत नव्हता.

“बाय,” एवढंच तो म्हणाला.

पुतळाबाईंनी कागद सोडला. फेटा देवेशच्या हातात दिला. “लग्नात र्‍हायला तुज्या मामाचा. बांध.”

देवेशची दातखीळ आजही सुटली नाही, पण हात सुटले. भर रस्त्यात, हॉर्नच्या कलकलाटात, त्याने मामाच्या डोक्याला फेटा बांधला आणि खाली वाकला. लडकूमामांनी त्याला उठवून जवळ घेतलं. मग भाचेसुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. उन्नतीने डोळे पुसले आणि सासूची पिशवी उचलली. “चला आई, गाडी सुटेल.”

पुतळाबाईंनी पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. “तुमी जा. आयतवारी हीच गाडी हितं थांबंल, तवा मना घ्या. घरी इचारलं तं सांगा, आईनी दर्या बगला.”

“पण आई, ते हळदीचं अंग?”

“पाच महिने झाले गो. हलद कवाच उतरली.”

देवेशने उन्नतीला हाताला धरून बसमध्ये चढवलं. तिने खिडकी सरकवली. तिचे डोळे पुन्हा वाहू लागले होते. बस हलली. पुतळाबाई भावाचा हात धरून खिडकीबरोबर दोन पावलं चालल्या आणि हसत ओरडल्या,

“अगो, रडतेस कनाला? एकच खोली लिवायला सांगितलेली ना मी!”