काठोकाठ वाटी

या, जवळ सरकून बसा, एका पाठीची गोष्ट सांगतो. वजन उचलायला शिकायला आलेल्या मुलीला मास्तरांनी सहा महिने वजनाला हातही लावू दिला नाही. रोज कोपरांवर अंग आडवं, ताठ धरायला लावायचे आणि पाठीवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवायचे. "सांडलं! पुन्हा! कंबर आहे की झोपाळा?"

"मी काय तुमचं टेबल आहे?" ती कडाडली, आणि तक्रार करून तिनं मास्तरांना व्यायामशाळेतून घालवलंच; त्यांच्या जागी नवे सर आले.

वर्षभराने स्पर्धेत डोक्यावर वजन धरताना तिचे पाय लटपटले, पण कंबर तसूभर हलली नाही. ती जिंकली. "श्रेय नव्या सरांचं. जुन्यानं नुसतं छळलं," ती माइकवर म्हणाली.

शेवटच्या रांगेतून उठता उठता मास्तर पुटपुटले, "सांडलं नाही."

बाबांनो, ती विसरली. तुम्ही तरी त्यांची आठवण ठेवा.