बिनकापडाचं शीड

कोरोनात विमानं बंद झाल्यामुळे सिडनीत लेकीकडे अडकलेले चंद्रहास रोज तिच्या स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसत. नुपूर अंतराळयानाच्या चुंबकीय शिडाचं सिम्युलेशन करत होती. शीड म्हणजे नुसतं तारेचं कडं. सूर्याकडून येणाऱ्या कणांचे ठिपके त्याला न शिवता लांबूनच वळत. “बाबा, त्यांना वळवतानाच यान पुढे रेटलं जातं.” “स्पर्शच नाही, तर रेटा कसला?” त्यांना काही केल्या पटेना. एका दुपारी ते वेंटवर्थव्हिलच्या किराणा दुकानात तिखट आणायला गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. “बाबा, तिखट?” “वासानेच मास्कमध्ये ठसका लागला गं. सगळे लांबूनच वळसा घालायला लागले. मी आपला सरकत सरकत दाराबाहेर!” नुपूरचा चेहरा उतरला. चंद्रहास मात्र खुर्ची ओढून स्क्रीनमध्ये डोकावले. “कोणी बोटसुद्धा लावलं नाही, तरी रेटा बसलाच. तू तो मोजतेस कसा?”