बुटातल्या गोळ्या

अभिनव रोज सकाळी ‘वॉकला जातोय’ सांगून सिल्व्हर पार्कच्या बागेत मोबाइल बघत बसायचा. न चालताच व्यायामाचा फायदा देणाऱ्या, ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या तो बुटात लपवायचा. पोटही आत गेलं. पॅरालिसिसनंतर वॉकर धरून चालणारे बाबा सोसायटीभर त्याचं कौतुक करायचे. आज त्यांनी हौसेने त्याचे बूट पुसायला घेतले आणि गोळ्या हाती आल्या. “म्हणून वाळलायस? हार्टचं आहे ना? आईला नाही सांगणार.” “बाबा, तसं नाही...” “गप झोप. आजपासून दूध मी आणतो.” लिफ्ट बंद होती. बाबा वॉकर दारातच ठेवून, कठडा धरत पायऱ्या उतरू लागले. थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं. मान खाली घालून अभिनव बूट चढवू लागला. धापा टाकत बाबा खालून ओरडले, “तू येऊ नकोस रे, दम लागेल तुला!”