पेढ्यांचा डबा

हॉकी लीगच्या खेळाडूंच्या लिलावात तनुजावर कुणीच बोली लावली नव्हती. त्यामुळे हॉकी संघाच्या मॅनेजरचा फोन आला, "आमची गोलकीपर जायबंदी झालीय, लगेच ये," तेव्हा कोण, कशी, हे विचारायचंही भान तिला राहिलं नाही.

तिने गल्लीभर पेढे वाटले. त्याच संघात निवडली गेलेली तिची जिवलग मैत्रीण म्हणजे सबीना. तिच्या दारात येऊन तनुजा उंबऱ्यातूनच तिच्या आईला ओरडून म्हणाली, "चाची, तोंड गोड करा! अखेर माझाही नंबर लागला!"

संघाच्या शिबिरात असेल असं वाटत होतं, ती सबीनाच आत खाटेवर होती. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तनुजाला झालं. तिने डबा ओढणीआड लपवला.

"लपवतेस काय? दे की," सबीना म्हणाली. "मॅनेजरला तुझं नाव मीच सुचवलं. आणि माझे पॅड घेऊन जा, तुझे पार फाटलेत."