धक्क्यावरचा नेम

"थांब, थांब! उजेड जरा डावीकडे घे," संशोधक म्हणाला, आणि पडद्यावरच्या निळसर धूसरपणातून समुद्रतळाशी पडलेली पाणबुडी हळूच पुढे आली. झोपेत कुणी कूस बदलावी तशी.

आत्या खुर्चीच्या कडेवर बसली होती. सर्वेक्षणाच्या बोटीवर तिला मुद्दाम बोलावलं होतं. युद्धात या किनाऱ्याकडे पाठवलेली एक पाणबुडी परत आलीच नव्हती, आणि तिच्यात आत्याचे वडील होते. तेव्हा ती तीन वर्षांची. आठवत होता तो फक्त त्यांच्या कोटाचा तेलकट, उबदार वास.

कळायला लागल्यापासून तिचा एक नेम होता. सकाळी उठायचं, तोंडात पाण्याचा थेंबही न घालता धक्क्याच्या भिंतीवर जाऊन बसायचं आणि बाबांशी बोलायचं. ताप असो, वादळ असो. लग्न, बाळंतपणं, दुखरा गुडघा, सगळं त्यांच्या कानावर घालायचं. जाळी वाळवणारे चिडवायचे, "काय आत्या, काय म्हणाले बाबा?"

"तुझीच चौकशी करत होते. हा अजून सुधारला नाही का, म्हणाले."

पडद्यावर एक जाडजूड मासा येऊन ठाकला. "भाव खातोय बघा," कॅमेरेवाला पुटपुटला. मासा बाजूला झाला. पाणबुडीचा मधला मनोरा दिसला, आणि त्याच्या पुढे समुद्रफुलांनी मढलेली तोफ. आत्याचे हात आपोआप जोडले गेले.

"सापडलात हो, बाबा."

कॅमेरेवाल्यानं डोळे पुसले. संशोधक मात्र पडद्याकडे वाकला. त्यानं कॅमेरा पुन्हा फिरवायला लावला. आणखी एकदा. मग तो आत्याच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला.

"आत्या, युद्धात पाणबुड्यांवरचे नंबर पुसून टाकायचे. म्हणून आम्ही बांधणीवरून ओळखतो. हिची तोफ मनोऱ्याच्या पुढे आहे. तुमच्या बाबांच्या पाणबुडीची मागे होती."

"म्हणजे?"

"ही तिची जोडीदार. दोघी एकाच दिवशी निघाल्या, दोघीही बुडाल्या. ऐनवेळी दोघींच्या गस्तीच्या जागांची अदलाबदल झाली असणार. तुमचे बाबा पलीकडच्या बेटांपाशी असतील."

पाणी बोटीला हलके हलके थोपटत होतं. आत्या पडद्याकडे बघत राहिली.

"मग इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होते रे?"

तिनं पडद्यावरून नजर काढली. मग विचारलं, "तिकडे... बाबांजवळ आहे का कुणी?"

"एक बाई आहेत, तुमच्याच वयाच्या. त्यांचे वडील या पाणबुडीवर होते. पण ते तिकडेच आहेत असं समजून त्या रोज संध्याकाळी बेटाच्या टोकाशी बसून गाणं म्हणतात. तिकडेही शोधा म्हणून त्याच आमच्या मागे लागल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या नेमानं भिंतीवर जाऊन बसली. समुद्र दुधासारखा निवांत होता. तिनं शाल सारखी केली, घसा साफ केला.

"काका," ती म्हणाली, "तुमची लेक सुखरूप आहे. माझ्या बाबांना रोज गाणं ऐकवते."