नग क्रमांक चार

विनयाने यादी पुढे केली, पण फ्रान्सिसकाकांनी ती वाचलीसुद्धा नाही. ते आत गेले आणि पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी आणून त्यांनी तिच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"घेऊन जा, मॅडम. कोणीतरी येणार हे ठाऊक होतं मला. सदतीस वर्षं वाट बघतोय."

टॉवेलात पितळी कॉर्नेट होता, बँडमध्ये फुंकून वाजवतात तो आखूड बाजा. त्याच्या अंगावर पांढऱ्या रंगात आकडा घातला होता, चार.

विनया प्रभाग कार्यालयात लिपिक होती. वटारजवळच्या या गावाचा एके काळी स्वतःचा बँड होता. तो मोडला तेव्हा वाद्यं वाचनालयाच्या कपाटात ठेवली गेली, आणि पुढे ग्रामपंचायत जाऊन पालिका आली तशी कपाटासकट पालिकेची होऊन प्रभाग कार्यालयात आली. यंदा वरून आदेश आला होता की वारशाच्या सगळ्या वस्तू एकेक करून प्रत्यक्ष तपासा. नोंदवहीत कॉर्नेट चार होते, कपाटात तीन. आज संध्याकाळपर्यंत चौथा सापडला नाही तर 'गहाळ' असा शेरा मारून पोलिसांत तक्रार द्यायची होती. बँडमधले एकटे फ्रान्सिसकाकाच आता हयात होते, म्हणून ती नुसती विचारायला आली होती.

"तुम्ही कधी नेलात हा?"

"सत्त्याऐंशी साली. डेरिक आमचा मास्टर. त्याच्या मयतीला वाजवायला नेला. दुसऱ्या दिवशी परत ठेवायला गेलो, तर कपाटात पाणी शिरलेलं. बाकीचे तिघे हिरवे पडलेले. मला ठेववेना. तसाच घेऊन घरी आलो."

"आणि कोणाला सांगितलं नाहीत?"

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी जोआनाकाकी हसल्या. "सांगायचं काय? तेव्हापासून गावातल्या प्रत्येक मयतीला हाच वाजवतो. कोणाला माहीत नाही ते विचार."

काकांना हसू आलं नाही. बाहत्तर वर्षांचा माणूस, पण हात गुडघ्यांमध्ये धरून शाळेतल्या मुलासारखा बसला होता. "पोलीस येतील का हो?"

विनयाने कॉर्नेट उचलला. आतून तेलाचा मंद वास येत होता. तिन्ही खटके बोटाखाली अलगद दबले आणि अलगद वर आले. कपाटातल्या तिघांचे खटके तिच्या अंगठ्याला जागचे हललेही नव्हते. त्यांच्यापुढे तिने सकाळीच 'नादुरुस्त' लिहिलं होतं. नादुरुस्त वस्तू सोमवारी भंगाराच्या यादीत जाणार होत्या. हाही त्याच कपाटात जाऊन बसला तर पुढच्या पडताळणीत याच्यापुढे काय लिहावं लागेल, ते तिला दिसत होतं.

तिने वरिष्ठांना फोन लावला.

"परेश सर, चौथा नग सापडला. वाद्य उत्तम स्थितीत आहे, पण ते कार्यालयात आणावं असं मला वाटत नाही."

"म्हणजे? पालिकेची वस्तू आहे ती."

"आहेच सर. पण नव्या नमुन्यात 'सांभाळणारी व्यक्ती' असा रकाना आहे. आपल्या सगळ्या वस्तूंपुढे तो कोरा आहे. इथे लिहायला नाव आहे."

काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"पत्ता आणि सही घ्या," परेश सर म्हणाले. "चारही बाजूंनी फोटो काढा. दर वर्षी पडताळणीला आणून दाखवायचा, हेही लेखी घ्या. मी खाली सही करतो."

विनयाने कागद भरला आणि पेन पुढे केलं. काकांनी ते हातात घेतलं नाही.

"सही केली तर चोरी कबूल केल्यासारखं होईल ना?"

"चोरी नाही, काका. तुम्ही सांभाळलात, त्याची ही पोच."

काकांनी चष्मा पुसला. कागद दोनदा वाचला. मग पूर्ण नाव लिहून सही केली, वळणदार, सावकाश. कागद परत देताना त्यांनी विचारलं, "आणि ते तिघे?"

विनयाने खरं ते सांगितलं.

"खटके अडकले म्हणून भंगारात?" ते एकदम उठले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "असं थोडंच असतं, बाय! थांब, तेल घेतो."

अर्ध्या तासात ते तिच्या स्कूटरवर मागे बसून कार्यालयात हजर झाले. कपाटासमोर स्टूल घेऊन बसले. कोमट पाणी मागितलं, जुनं धोतर फाडून आणलं होतं ते काढलं. कोणीतरी चिंच आणू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तांब्या आहे का तो?"

पहिल्याचे खटके तासभर हलले नाहीत. दुसऱ्याचे सुटले, पण नळीच चिरलेली निघाली. काकांनी तो बाजूला ठेवला. तिसऱ्याला त्यांनी पुन्हा पुन्हा तेल सोडलं, हलक्या हाताने फिरवत राहिले, आणि कार्यालय बंद व्हायच्या सुमारास त्याचा शेवटचा खटका निघाला. आतून हिरवं पाणी आलं. त्यांनी तो धुतला, पुसला, ओठांना लावला.

आधी नुसती हवा गेली. मग एक फाटका, घोगरा सूर निघाला आणि पाणीपट्टीच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली.

विनयाने नोंदवही ओढून घेतली. 'नादुरुस्त' वर रेघ मारली आणि पेन तसंच धरून विचारलं, "काका, स्थिती काय लिहू?"

फ्रान्सिसकाकांना धाप लागली होती. कपाळावरचा घाम बाहीने पुसत ते म्हणाले, "लिही, सर्दी झालीय."